धाप छातीत लागते, पण मांडीकडे कोण बघतं?

तुळजापूरला देवळात जाताना पायऱ्या उतरायच्या असतात आणि दर्शन झाल्यावर चढायच्या. चढताना कुणी मध्येच थांबलं तर सोबतचे लगेच म्हणतात, "वय झालं." थांबलेल्या माणसाला विचारलं तर बरेचदा तो सांगतो, "धाप बी लागली अन् मांड्या बी भरून आल्या." यातली मांड्यांची तक्रार कुणी मनावर घेत नाही. मला तीच महत्त्वाची वाटते.

सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा आजार, फक्त बिडी ओढणाऱ्यांना होतो असं आपण धरून चालतो. पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्यांच्या धुरात ज्यांचं आयुष्य गेलं, त्या बायकांनाही तो एकही बिडी न ओढता होतो. आणि आजार कळला की घरचे मायेनं सांगतात, "माय, तू उठू नको, बस." या बसण्यानं मांडी वाळत जाते.

मांडीच्या पुढच्या बाजूला चार स्नायूंचा गट असतो, क्वाड्रिसेप्स. उठणं, चालणं, पायरी चढणं त्याच्याच जोरावर. त्यात दोन प्रकारचे तंतू असतात. संथ तंतू लालसर असतात, त्यांच्यात मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भट्ट्या, भरपूर, ते ऑक्सिजन वापरून ग्लुकोज पूर्ण जाळतात आणि लवकर थकत नाहीत. वेगवान तंतू जोर पटकन लावतात आणि पटकन दमतात. सीओपीडीच्या सौम्य-मध्यम टप्प्यातच संथ तंतूंची ऑक्सिजन वापरण्याची ताकद घटू लागते. हालचाल कमी होणं हे मोठं कारण. धूर-तंबाखू आणि शरीरातला दाह हेही त्याला हातभार लावतात.

आता खरी गंमत बघा. ऑक्सिजनच्या मदतीनं ग्लुकोजच्या एका रेणूपासून सुमारे ३० एटीपी, म्हणजे ऊर्जेचे रेणू, मिळतात. त्याच्याशिवाय फक्त २. मायटोकॉन्ड्रिया कमी पडले की स्नायू ही दुसरी वाट धरतो आणि लॅक्टिक आम्ल साचतं. रक्तातलं बायकार्बोनेट या आम्लाला शमवतं, पण त्या क्रियेत कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हा नेहमीच्या कार्बन डायऑक्साइडच्या वरचा, जादा. तो बाहेर टाकायला श्वास वाढवावा लागतो, आणि इथे तर श्वासनलिका आधीच अरुंद! म्हणजे कमकुवत मांडी फुप्फुसावर कामाचा बोजा टाकते, धाप वाढते, माणूस आणखी बसतो, मांडी आणखी वाळते. डॉक्टर छाती तपासतात, एक्स-रे काढतात. मांडीला हात लावणारा क्वचितच.

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटन-नेदरलँड्समधल्या सीओपीडी रुग्णांच्या अभ्यासात सुमारे एक तृतीयांश जणांचे मांडीचे हे स्नायू दुर्बळ आढळले. आजाराच्या पहिल्या दोन टप्प्यांतही हे प्रमाण २८ टक्के होतं.

कोजागिरीला खिरीतून दम्याचं औषध घ्यायला रांगा लागतात, मृगाला हैदराबादला जिवंत मासा गिळायला लोक जातात. त्यानं श्वासनलिका रुंद होत नाहीत आणि मांडीत एकही मायटोकॉन्ड्रिया वाढत नाही. व्यायामानं मात्र तो वाढतो. अमेरिकेतले संशोधक रिचर्ड कॅसाबुरी आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली दाखवलं की सायकलचा सराव केलेल्या रुग्णांत तेवढ्याच कामाला लॅक्टिक आम्ल कमी तयार होतं आणि श्वासही कमी घ्यावा लागतो.

घरी पारख करायची असेल तर हात न टेकता खुर्चीतून सलग पाच वेळा उठून बसा. १५ सेकंदांहून जास्त लागले तर पाय कमजोर पडलेत असं समजून डॉक्टरांना सांगा, आणि स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून श्वास मोजायची चाचणी, झाली नसेल तर तीही करून घ्या. पहिल्या सेकंदात एकूण फुंकलेल्या हवेपैकी ७० टक्क्यांहून कमी हवा बाहेर पडत असेल, तीही इन्हेलर घेतल्यावर, तर सीओपीडीची शक्यता धरतात. मग उठबशा, चालणं, पायऱ्या हळूहळू वाढवायच्या. जेवणात तूर, हरभरा, शेंगदाणे, अंडी असावीत. छातीत दुखत असेल किंवा चक्कर येत असेल तर आधी हृदयाची तपासणी, मग व्यायाम.