स्मार्ट बोर्ड बसला म्हणजे फिजिक्स समजलं, असं नाही

कोल्हापुरात शाळा निवडताना पालक हमखास विचारतात, "स्मार्ट बोर्ड आहे ना?" तो असला की मुलांना फिजिक्स आपोआप कळतं, हा समज बरीच वर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे.

शाहू स्टेडियमवर कुणी फुटबॉल सरळ वर मारला, तर अगदी वरच्या टोकाला त्यावर बल किती? बरीच मुलं "शून्य" म्हणतात. शून्य होतो तो वेग. गुरुत्वबल तिथंही तेवढंच असतं, त्वरण ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग. सुंदर अ‍ॅनिमेशन नुसतं पाहून ही चूक सहसा जात नाही. आधी उत्तर वहीत लिहायला लावा, शेजाऱ्याशी वाद घालू द्या, मग मुलांनाच सिम्युलेशन, म्हणजे संगणकावरचा आभासी प्रयोग, चालवू द्या.

अमेरिकेत फिजिक्सचे प्राध्यापक रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये सहा हजारांवर विद्यार्थ्यांच्या फिजिक्सच्या चाचण्या तपासल्या. मुलांना विचार आणि चर्चा करायला लावणाऱ्या वर्गांची सरासरी प्रगती पारंपरिक वर्गांच्या जवळपास दुप्पट निघाली. त्यात संगणकाची अट नव्हती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

कोलोरॅडो विद्यापीठाची 'फेट' सिम्युलेशन्स मोफत आहेत, अनेक मराठीतही. एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालतात.