भुशातून साखर काढताना प्लाझ्मा नेमकं काय करतो

चौकशीला येणारे बहुतेक जण एकच विचारतात: प्लाझ्माच्या, म्हणजे विजेनं चेतवलेल्या वायूच्या, यंत्रात एका बाजूनं भुसा टाकला की दुसऱ्या बाजूनं साखर पडेल ना? नाही पडणार. म्हणून हे पत्रक.

साखर भुशात आधीपासूनच असते. गव्हाचं काड घ्या, मक्याची धाटं घ्या की लाकडाचा भुसा, कोरड्या वजनातला साधारण ३५ ते ५० टक्के भाग सेल्युलोजचा. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजची लांबच लांब माळ. अशा असंख्य माळा एकमेकींना घट्ट बिलगलेल्या, भोवती हेमीसेल्युलोज (तीही साखरांचीच माळ, पण वेगळ्या) आणि या सगळ्याला सांधणारं लिग्निन. झाड ताठ उभं राहतं ते लिग्निनच्या जोरावर, आणि आपलं घोडं अडतं तेही तिथंच. साखर सुटी करणाऱ्या एन्झाइमना आत शिरायला वाटच मिळत नाही.

ही वाट करण्याची जुनी रीत म्हणजे सौम्य गंधकाम्लात भुसा १६० ते २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवणं. काम होतं, पण सुटलेली थोडी साखर करपून तिचं फरफ्युरल बनतं आणि ते पुढे साखर आंबवणाऱ्या यीस्टला जाचतं.

हीच वाट प्लाझ्मानं करायला भट्टी लागत नाही. दोन इलेक्ट्रोड, मध्ये काचेचा थर, काही मिलिमीटरची फट आणि उच्च दाबाची वीज. फटीत जांभळट उजेड पसरतो. तिथले इलेक्ट्रॉन दहा हजार अंशांच्याही वर तापलेले असतात, वायू मात्र जेमतेम कोमट. ही रचना नवी नाही. ओझोन बनवायला वेर्नर फॉन सीमेन्स यांनी ती १८५७ मध्येच वापरली होती. आपल्यालाही मुख्यतः ओझोनच हवा असतो. तो आणि त्याच्यासोबतचे ऑक्सिजनचे इतर चळवळे रेणू लिग्निनच्या रेणूतल्या वलयांवर तुटून पडतात. सेल्युलोजला त्या मानानं कमी झळ लागते. यंत्र गरजेपेक्षा जास्त वेळ चालवलं तर मात्र सेल्युलोजही झिजू लागतं, आणि विजेचं बिल वाढतं ते वेगळंच.

काम झालं हे डोळ्यांना दिसतं. पिवळट काड फिकट पडतं. ते धुतलं की पाणी तांबूस होतं आणि त्यात निळा लिटमस बुडवला तर लाल होतो, कारण लिग्निन तुटून झालेली आम्लं त्या पाण्यात उतरलेली असतात. हे धुणं टाळू नका. एन्झाइमना साधारण ५० अंश आणि पीएच ५ च्या आसपासचं पाणी मानवतं, आंबट पाण्यात ती रुसतात.

माळेचा एकेक दुवा तोडून ग्लुकोज सुटं करतात ती एन्झाइमच. प्रत्येक दुवा तुटताना पाण्याचा एक रेणू खर्ची पडतो, त्यामुळे १ किलो शुद्ध सेल्युलोजपासून कागदावर १.११ किलो ग्लुकोज मिळतं. प्रत्यक्षात पदरात कमीच पडतं. कुणी याहून मोठा आकडा सांगत असेल, तर तिथून उठलेलं बरं.

काड आणि धाटांच्या हेमीसेल्युलोजमधून बहुतांशी झायलोज ही वेगळी साखर निघते. अल्कोहोल बनवणार असाल तर हे आधीच ध्यानात घ्या, कारण नेहमीचं यीस्ट झायलोज आंबवत नाही.

आता ओलीविषयी, कारण निम्मे घोटाळे इथंच होतात. भुसा अगदी खडखडीत असला तर ओझोनची क्रिया मंदावते. थबथबलेला असला तर ओझोन पाण्यातच अडकतो. मूठ आवळली की हाताला ओल लागावी, पण थेंब गळू नये. भुसा बारीक आणि एकसारखा दळलेला हवा. काडात लिग्निन कमी, त्यामुळे ते लवकर ऐकतं. चीड-देवदाराचा भुसा हटवादी.

यंत्रातून बाहेर पडणारा ओझोन उत्प्रेरकाच्या डब्यातून मोडूनच बाहेर सोडायचा. खोलीत तिखट, झोंबरा वास आला की गळती समजा. वीज बंद करा, खिडक्या उघडा आणि बाहेर या.

चाचणीसाठी नमुना पाठवताना तो सावलीत वाळवून, कापडी पिशवीत पाठवा. बुरशी धरलेला भुसा नको. त्यातली साखर बुरशीनं आधीच खाल्लेली असते.