कच्छचे जीवाश्म शिबिर : नाव नोंदवण्याआधी एवढे वाचा

आमच्या हिवाळी शिबिराची चौकशी करणारे रत्नागिरी-देवगडकडचे पालक पहिला प्रश्न हमखास विचारतात : एवढ्या लांब कशाला, आपल्याकडे कातळ काय कमी आहे? कातळ भरपूर आहे, पण या कामाचा नाही. आपला काळा दगड म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा, आणि जांभा बहुतेक त्याचाच झिजून झालेला. लाव्ह्यात शिंपले कुठून राहणार? दोन थरांमधल्या गाळात क्वचित काही मिळतं, मुंबईत वरळीच्या टेकडीत बेडूक मिळाले तसं. त्या भरवशावर मुलांना उन्हात हिंडवणं बरं नव्हे.

कच्छात साधारण १६-१७ कोटी वर्षांपूर्वी, ज्युरासिक काळात, उथळ समुद्र होता. त्याचा गाळ आज झुरा, जुमारा या टेकड्यांच्या उतारांवर उघडा पडलाय आणि त्यात अमोनाइट आहेत. ज्यांच्या देवघरात शाळिग्राम आहे त्यांच्या हा ओळखीचाच : गंडकीच्या शाळिग्रामातलं चक्र अमोनाइटचंच. दिसायला शंख, पण प्राणी गोगलगायीचा नव्हे, माकुलाचा नातलग. शंखात पडदे घालून खोल्या केलेल्या. स्वतः शेवटच्या खोलीत राहायचा आणि मागच्या खोल्यांतल्या वायूवर तरंगायचा. फुटलेला तुकडा हाती आला तर ते पडदे दिसतात, म्हणून आम्हाला अखंड नगापेक्षा फुटका जास्त आवडतो. बंदुकीच्या गोळीसारखे बेलेम्नाइटही भेटतील. आपल्या पुळणीवर समुद्रफेन वाहून येतो ना, तसा हाही माकुलासारख्याच एका प्राण्याच्या शरीराच्या आतला भाग.

डायनासोरची आशा मात्र दाखवू नका. पानंध्रोच्या लिग्नाइट (कोळशाच्या) खाणीतला ‘वासुकी’ सापाचा जीवाश्म २०२४ मध्ये गाजला (२७ मणके, लांबीचा अंदाज ११ ते १५ मीटर), पण आपण खाणीत जात नाही.

वाळूच्या टेकड्याही नाहीत. आपला मुक्काम रणाच्या काठाला. तिथे खडी, खारट माती आणि वेडी बाभूळ. तिचा काटा स्लिपरच्या आरपार जातो, त्यामुळे जाड तळाचे बूटच हवेत, तेही महिनाभर वापरलेले. नव्या बुटांनी दुसऱ्या दिवशी फोड येतात.

आपल्या मुलांना खरं जड जातं ते कोरड्या हवेचं. इथे घाम निथळतो म्हणून तहान कळते. तिथे घाम जागच्या जागी सुकतो आणि मूल म्हणतं, मला तहानच नाही. दर अर्ध्या तासाला शिट्टी वाजेल, तेव्हा सगळ्यांनी पाणी प्यायचं. रात्री थंडी बोचते, आपल्या माघातल्यासारखी नव्हे. कानटोपी आणि लोकरीचे मोजे द्याच.

फुरसं तिकडेही आहे, हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. दगड हाताने उलटायचा नाही, काठीने. बूट घालण्याआधी झटकायचे.

जेवण शाकाहारी : बाजरीचा रोटला, खिचडी-कढी, गूळ. मासळी नाही. गेल्या खेपेला एकाने सॅकमधून सुकट आणली आणि रात्रभर तंबूभोवती कुत्री. आम्ही कुणी झोपलो नाही.

आता भांडणाचा विषय. सापडलेलं घरी आणायचं नाही. वस्तू कुठल्या थरात, कशाशेजारी होती हे नोंदलं तरच तिला अर्थ; खिशात घातली की उरतो नुसता दगड. मुलं शेजारी पट्टी ठेवून फोटो काढतील, वहीत चित्र काढतील, वस्तू होती तिथे ठेवतील. हातोडी फक्त मार्गदर्शकाकडे. परतीला पिशव्या आम्ही तपासतो. गेल्या वर्षी यावरून दोन पालक रागावले, तरी नियम तोच राहील.

प्रवास कोकण रेल्वेने मुंबई, मग वांद्र्याहून कच्छ एक्सप्रेसने भूज, पुढे जीप. टेकड्यांत मोबाइलला रेंज भरवशाची नाही. रोज संध्याकाळी आम्ही गावात जाऊन पालकांच्या गटावर निरोप टाकतो. दमा असेल किंवा रोजचं औषध चालू असेल तर फॉर्मवर लिहाच, आणि औषध दुप्पट द्या : अर्धं मुलाकडे, अर्धं आमच्याकडे.