गाठ मेंदूत, नाव फुफ्फुसाचं

"बाबांना आता मेंदूचाही कॅन्सर झालाय," असं म्हणत एका मित्राने डिस्चार्ज कार्ड माझ्यापुढे धरलं. निदानाच्या रकान्यात दोन कोड होते : सी ३४.१ आणि सी ७९.३. दोन कोड म्हणजे दोन आजार, असं त्याने धरलं होतं. पण त्याच्या पोटात गोळा आला होता तो वेगळ्याच कारणाने. गाठ मेंदूत असताना डॉक्टर गोळ्या फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या का देतायत?

हा गैरसमज सर्रास आढळतो. कॅन्सर सापडला कुठे यावर त्याचं नाव ठरत नाही, तो सुरू कुठे झाला यावर ठरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या आजारांच्या वर्गीकरणात फुफ्फुसातच सुरू झालेला कॅन्सर सी ३४ मध्ये जातो, पुढचा .१ म्हणजे फुफ्फुसाचा वरचा खंड. मेंदूतच सुरू झालेला कॅन्सर सी ७१. आणि सी ७९.३ म्हणजे दुसरीकडून मेंदूत किंवा त्याच्या आवरणांत आलेला. मित्राच्या कार्डावर सी ७१ कुठेच नव्हता. आजार एकच होता, पसरलेला.

खरी गंमत फुफ्फुसाची आहे, कारण त्याच्या वाट्याला दोन्ही भूमिका येतात. स्तन, मूत्रपिंड, हाडं, कुठूनही निघालेलं अशुद्ध रक्त हृदयाच्या उजव्या बाजूला येतं आणि तिथून थेट फुफ्फुसात. तिथल्या केशवाहिन्या इतक्या अरुंद की तांबडी पेशीसुद्धा अंग चोरून जाते. रक्तातून भरकटत आलेली कॅन्सरची पेशी तिच्याहून मोठी. ती इथे अडकते. अडकलेल्या बहुतेक पेशी मरतात, एखादीच रुजते. म्हणजे फुफ्फुस ही शरीराची गाळणी. आता उलट बाजू बघा. गाठ फुफ्फुसातच असेल, तर तिच्यातून सुटलेल्या पेशी फुफ्फुसाच्या नीलांतून हृदयाच्या डाव्या बाजूला पोचतात. तिथून महारोहिणी, आणि पुढे सगळं शरीर मोकळं. वाटेत गाळणी उरलेलीच नसते. मेंदू, हाडं, यकृत, मूत्रपिंडांवरच्या इवल्या पण रक्ताने भरलेल्या अधिवृक्क ग्रंथी, हे फुफ्फुसाच्या कॅन्सरचे नेहमीचे मुक्काम. नुसत्या रक्ताच्या वाटेने सगळं ठरत नाही; बी पडलं तरी जमीन मानवावी लागते, हे स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यविशारदाने १८८९ मध्येच मांडलं होतं.

ही शरीररचना थेट कोडिंगच्या नियमात उतरली आहे, आणि मला हा नियम फार आवडतो. मृत्यूच्या दाखल्यावर कॅन्सरच्या अनेक जागा लिहिल्या असतील आणि मूळ कोणती ते सांगितलं नसेल, तर आयसीडी-१० कडे 'जिथे कॅन्सर सहसा पसरून येतो' अशा जागांची यादी आहे. यकृत, मेंदू, हाडं त्यात आहेत, फुफ्फुसही आहे. पण दाखल्यावरच्या बाकी सगळ्या जागा त्याच यादीतल्या असतील, तर फुफ्फुस मूळ मानायचं. यादीबाहेरची जागा, समजा जठर, सोबत असेल तर मात्र फुफ्फुस दुय्यम.

जिवंत रुग्णाच्या फाइलवर असा अंदाज बांधणं बरं नव्हे. 'मेटास्टॅटिक लंग कॅन्सर' एवढंच लिहिलं, तर फुफ्फुसातून पसरलेला की फुफ्फुसात येऊन रुजलेला? पहिला सी ३४, दुसरा सी ७८.०. उपचार वेगळे, कॅन्सर नोंदणीतला रकाना वेगळा. चांगला कोडर, म्हणजे फाइल वाचून हे कोड देणारा, इथे थांबतो आणि डॉक्टरांना विचारतो. 'फुफ्फुसातून मेंदूत' असे दोन शब्द लिहायला डॉक्टरांना किती वेळ लागतो?

'सुई टोचली, हवा लागली म्हणून पसरला' हेही मित्राच्या घरात कुणीतरी म्हणालंच. हवेने कॅन्सर पसरत नाही. बायोप्सीच्या सुईच्या वाटेवर पेशी सांडणं क्वचित घडतं, पण मेंदूतली गाठ रक्तातून येते. आणि त्या भीतीने बायोप्सी टाळली, तर गाठीचं मूळ शोधायला पॅथॉलॉजिस्टकडे काही उरत नाही. फुफ्फुसाच्या बहुतेक अ‍ॅडेनोकार्सिनोमांत (ग्रंथीसारख्या पेशींपासून होणाऱ्या कॅन्सरमध्ये) टीटीएफ-१ नावाचं प्रथिन सापडतं. पेशी मेंदूत जाऊन वाढल्या तरी ते सहसा टिकून राहतं, आणि गाठीच्या मुळाचा माग देतं.

मित्राच्या वडिलांच्या गाठीत ईजीएफआर या पेशींच्या वाढीशी संबंधित जनुकातला बदल सापडला होता. गोळ्या त्या बदलावर काम करणाऱ्या आणि मेंदूपर्यंत पोचणाऱ्या होत्या. मेंदूतल्या पेशीही त्याच कुळातल्या, म्हणून औषध तेच.