दर्याला आधी द्यायचं

मुंबईच्या सोनकोळ्यांतल्या जुन्या बाया काचेच्या बांगड्या डाव्या हातातच भरत. उजव्या हातात फार तर चांदीचं कडं. ब्रिटिश काळातल्या नोंदींत याचं कारण सापडतं: लग्नात उजव्या हाताच्या बांगड्या दर्यात सोडायच्या, म्हणजे दर्या नवऱ्याला सांभाळतो. ज्याला आपण सौभाग्याचं लेणं म्हणतो, त्यातलं अर्धं पहिल्याच दिवशी दर्याला देऊन मोकळं व्हायचं. याला भोळेपणा म्हणवत नाही. हा रोखीचा व्यवहार आहे: तुझं तुला दिलं, आता माझा धनी घरी धाड.

मुंबईच्या दर्यावर्दी समजुती चाळल्या की हाच व्यवहार जागोजागी दिसतो, आणि तो एकट्या कोळ्यांचा नाही. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्याने इथल्या गोदीत पिढ्यान्‌पिढ्या जहाजं बांधली. ब्रिटिश नौदलासाठी 'ट्रिंकोमाली' बांधायला घेतली ती मे १८१६ मध्ये. तेव्हा जमशेदजी बमनजी वाडियांनी तिच्या तळाच्या कण्यात कोरीव चांदीचा खिळा ठोकला. पारशी रिवाजाप्रमाणे त्याशिवाय जहाजाला बरकत नाही. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरलेली ही नौका दोनशे वर्षं उलटली तरी इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगते आहे. श्रेय खिळ्याचं की मलबारी सागाचं, हे ज्याने त्याने ठरवावं. मी सागाच्या बाजूने.

आता चांदी गेली, नारळ राहिला. माझगाव गोदीत युद्धनौकेचं जलावतरण बाईच्या हातून होतं आणि नाळीवर, म्हणजे जहाजाच्या तोंडावर, नारळ फुटतो. 'निलगिरी' ही तिथे बांधलेली पहिली मोठी युद्धनौका. तिचं जलावतरण १९६८ साली इंदिरा गांधींनी केलं. नौदलाचं बोधवाक्यच 'शं नो वरुणः'. म्हणजे वरुणाला हात जोडूनच सुरुवात.

वरुणाची खरी पूजा मात्र कोळीवाड्यात, नारळी पौर्णिमेला. वरळी, माहीम, वेसावे, खारदांडा, कुठेही जा. पावसाळ्याच्या तोंडावर होड्या वर ओढून शाकारून ठेवलेल्या असतात. या दिवशी नाळीला हळदकुंकू, पताका, आणि सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ वाजतगाजत पाण्यात. नाळ म्हणजे होडीचं तोंड, तिथे चपलेचा पाय पडलेला तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, खपत नाही. नारळ पडला की दर्या शांत झाला असं धरायचं. त्यामागचा हिशोब साधा आहे: तोवर नैर्ऋत्येचा जोर ओसरू लागतो, आणि मधल्या काळात मासळीची वीण झालेली असते.

हा हिशोब सरकारलाही इतका पटला होता की मासेमारीबंदीच्या जुन्या नियमात तिथीच घातलेली होती: १० जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत किंवा १५ ऑगस्टपर्यंत, जे आधी येईल ते. पुढे १ जून ते ३१ जुलै अशी एकसष्ट दिवसांची बंदी आली आणि तिथी नियमातून गेली. २०२३ साली श्रावण अधिक होता, नारळी पौर्णिमा ३० ऑगस्टला आली. म्हणजे कायद्याने दर्या महिनाभर आधीच मोकळा केला होता, आणि दर्याला त्याचा नारळ अजून मिळायचा होता!

मढ, मनोरी, गोराईच्या ख्रिस्ती कोळ्यांच्या बोटीवर क्रूस असतो. वांद्र्याच्या मोतमाउलीची मूर्ती कोळ्याला समुद्रात सापडली अशी कथा आहे, आणि सप्टेंबरातल्या तिच्या जत्रेला हिंदू कोळीही मेणबत्ती घेऊन जातात. दर्या एकच, त्यामुळे नवसाचं खातं दोन्हीकडे उघडलेलं बरं.

अमावस्येचं प्रकरण वेगळं आहे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ उलटली, सहाशेहून जास्त माणसं गेली. दिवस गटारी अमावस्येचा. 'अमावस्येला दर्यात जाऊ नये' हे तेव्हापासून गिरगाव-लालबागच्या कोकणी घरांत आणखी घट्ट बसलं. पण ही भीती उतारूंची. डोलीचं जाळं पाण्याच्या ओढीवर चालतं, त्यामुळे अमावस्या-पौर्णिमेचं उधाण हे डोलकराच्या कमाईचे दिवस. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, मंद पाण्यातच त्याचा हात आखडतो. म्हणजे चाळीतला माणूस ज्या तिथीला घाबरतो, तिचीच डोलकर वाट बघत असतो.

मला या सगळ्यात एक जागा रिकामी दिसते. नारळाने दर्या शांत होतो खरा, पण अरबी समुद्रात चक्रीवादळं पावसाळा संपल्यावरही उठतात. मांडवीहून मुंबईला निघालेली 'वैतरणा' बोट, म्हणजे गुजरात्यांची 'वीजळी', ८ नोव्हेंबर १८८८ रोजी सातशेहून अधिक माणसांसह नाहीशी झाली. (मेलेल्यांनी ओलांडायच्या नदीचं नाव बोटीला देताना कुणालाच कसं काही वाटलं नाही? पालघरची खरी वैतरणा डोळ्यांपुढे असेल.) मग 'जयंती' आणि 'तुकाराम' या बोटी एकाच दिवशी बुडाल्या, ११ नोव्हेंबर १९२७. आणि 'फयान' वादळ मुंबई-अलिबागच्या दरम्यान किनाऱ्याला धडकलं तेही ११ नोव्हेंबरलाच, २००९ साली. तिन्ही वेळा महिना कार्तिक.

कार्तिकासाठी मात्र वेगळा नारळ नाही. ससून गोदीत त्या दिवसांत गेलात तर केबिनच्या दारावर नेहमीची लिंबू-मिरची दिसेल, आत एकवीरेच्या तसबिरीखाली उदबत्तीची राख, आणि शेजारी जीपीएसचा पडदा. वादळाचा इशारा आला की तो तांडेलाच्या मोबाइलवर येतो, आणि मग परत फिरायचं की भरलेल्या बर्फाचे नि डिझेलचे पैसे वसूल करायचे, हा सौदा त्याला एकट्यालाच करावा लागतो.