गुणवत्ता (सॉफ्टवेअर चाचणी)

गुणवत्ता : सॉफ्टवेअर चाचणीमागची मूळ संकल्पना. एखादी प्रणाली जे वापरतात आणि जिच्या आकड्यांवर ज्यांचे व्यवहार ठरतात, त्यांच्या ती कितपत कामी येते, याचा हा निवाडा असतो. वजन किंवा लांबीसारखी गुणवत्ता प्रणालीच्या आत मोजून काढता येत नाही. प्रणाली आणि माणसे यांच्या संबंधातून ती ठरते. म्हणून ‘दर्जा चांगला आहे’ असे कोणी म्हटले, की ‘कोणासाठी?’ हे आधी विचारावे लागते.

गुणवत्तेच्या प्रचलित व्याख्या सॉफ्टवेअरच्या आधी कारखान्यांत, तिथल्या गुणवत्ता-तज्ज्ञांच्या हातून घडल्या. वॉल्टर शूहार्ट यांनी १९३१ मध्येच गुणवत्तेला वस्तुनिष्ठ आणि व्यक्तिनिष्ठ अशा दोन बाजू असल्याचे मांडले होते. जोसेफ जुरान यांची कसोटी वापरास योग्य असण्याची. फिलिप क्रॉसबी यांनी १९७९ मध्ये ‘ठरवून दिलेल्या गरजांची बरोबर पूर्तता’ अशी रोखठोक व्याख्या केली आणि सॉफ्टवेअर कंपन्यांत ती चांगलीच रुळली.

कोल्हापुरात क्रॉसबींची व्याख्या समजावून सांगावी लागत नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या फाउंड्री (धातूचे ओतकाम करणारे कारखाने) वाहन आणि यंत्र उद्योगांना कास्टिंग (ओतीव सुटे भाग) पुरवतात. ग्राहक ड्रॉइंग देतो, त्यावर टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, लिहिलेला असतो. नग गेजवर (माप तपासण्याच्या साधनावर) बसला तर पास, नाहीतर रिजेक्शन. त्या वातावरणातून सॉफ्टवेअरकडे आलेल्या माणसाला चाचणीही तशीच वाटते : रिक्वायरमेंटचा कागद (प्रणालीने काय करायचे याची यादी) हे ड्रॉइंग आणि टेस्ट केस (ठरवून केलेली एकेक तपासणी) म्हणजे गेज. ही तुलना दोन ठिकाणी तुटते. फाउंड्रीत वाळूचा ओलावा आणि धातूचे तापमान बदलले की एकाच पॅटर्नच्या नगांत फरक पडतो, म्हणून नमुने काढून मोजावे लागतात. सॉफ्टवेअरची प्रत हुबेहूब निघते. त्यात दोष असेल तर पहिल्या प्रतीपासून शेवटच्या प्रतीपर्यंत तोच असतो, आणि तो आखणीतला असतो. दुसरे असे, की रिक्वायरमेंटचा कागद अनेकदा अपुरा किंवा एकाच पक्षाच्या सोयीने लिहिलेला असतो. ड्रॉइंगच चुकले असेल तर गेज काय करणार, ही अडचण सॉफ्टवेअरमध्ये रोजची आहे.

जिल्ह्यातल्या दूध संस्थांत वापरली जाते तशी दूध संकलन प्रणाली पाहिली की हे नीट कळते. उत्पादक सकाळ-संध्याकाळ दूध घालतात. काट्यावर माप होते, मशीनवर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधात उरणारे घन पदार्थ) लागते, प्रणाली दरपत्रकातून दर उचलते, पावती छापते आणि दहा दिवसांचे बिल तयार करते. म्हशीच्या दुधाचा मूळ दर ६.० फॅट आणि ९.० एसएनएफला धरतात, गाईच्या दुधाचा ३.५ आणि ८.५ ला, फॅट ०.१ ने हलले तरी दर हलतो. आता समजा मशीनने फॅट ६.०५ दाखवले आणि प्रणालीला एकच दशांश स्थळ ठेवायचे आहे. शाळेत शिकवलेल्या नियमाने ६.१ यायला हवे. पण ६.०५ ही संख्या संगणकाच्या द्विमान (० आणि १ च्या) पद्धतीत नेमकी साठवता येत नाही. साठलेली किंमत कणभर कमी असते. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतल्या साध्या ‘राउंड’ फंक्शनला ती दिली की उत्तर ६.० येते. ५.९५ ची साठलेली किंमत मात्र कणभर जास्त असते, आणि तिचेही उत्तर ६.० येते. एकाचे दूध वरच्या टप्प्यात गेले, दुसऱ्याचे खालीच राहिले. ‘पाच किंवा त्यापुढचा अंक असल्यास वर न्यावे’ असे रिक्वायरमेंटमध्ये लिहिले असेल तर हा सरळ बग (प्रणालीतला दोष) आहे. नोंदवला, दुरुस्त झाला, मिटले.

पण रिक्वायरमेंटमध्ये ‘दुसरा दशांश सोडून द्यावा’ एवढेच असेल तर? मग ५.९९ चे ५.९ होणे कागदाप्रमाणे अगदी बरोबर ठरते. टेस्ट केस पास होते आणि क्रॉसबींच्या कसोटीवर प्रणाली उत्तम उतरते. दहा दिवसांत वीस वेळा दूध घालणाऱ्या उत्पादकाचा मात्र जेव्हा जेव्हा फरक पडेल तेव्हा तोटाच होणार. फायदा एकदाही नाही. चांगला टेस्टर अशा ठिकाणी ‘पास’ लिहून पुढे जात नाही. हा नियम कोणी ठरवला, उत्पादकाला तो माहीत आहे का, पावतीवर मशीनचा मूळ आकडा छापला जातो का, हे तो विचारतो. असे प्रश्न आपल्या कामात बसत नाहीत असे मानणारे टेस्टर पुष्कळ आहेत. प्रस्तुत नोंदीच्या मते चाचणीतले सर्वांत मोलाचे काम तेच आहे.

या विचाराला आधार मिळतो तो सॉफ्टवेअरवर लिहिणारे जेराल्ड वाइनबर्ग यांच्या व्याख्येचा : गुणवत्ता म्हणजे कोणा एका व्यक्तीच्या लेखी असलेले मूल्य. जेम्स बाख आणि मायकेल बोल्टन या टेस्टरांनी पुढे त्यात ‘जिच्या म्हणण्याला वजन आहे अशा’ व्यक्तीची भर घातली. दिसायला ही भर लहान आहे, पण वजन कोणाच्या म्हणण्याला आणि ते कोणी दिले, हा प्रश्न तिने उघड्यावर आणला. दूध संस्थेच्या सचिवाला रांग तुंबायला नको असते, कारण दुधाची गाडी वेळेवर सुटायची असते. वीज गेली तरी अर्धी नोंद हरवू नये, एवढे त्याला पुरते. संस्थांकडून दूध घेणाऱ्या संघाला हिशेब जुळलेला हवा. लेखापरीक्षकाला जुनी नोंद कोणी आणि केव्हा बदलली ते दिसले पाहिजे. उत्पादकाला वाचता येईल एवढ्या ठळक अक्षरांत मराठी पावती हवी. या अपेक्षा एकमेकींना छेद देतात : बदलाची प्रत्येक नोंद ठेवायची म्हटले तर प्रणाली मंदावू शकते, आणि पावतीवर सगळे आकडे छापायचे तर अक्षर बारीक होते. प्रणालीचे पैसे संस्था मोजते, म्हणून मीटिंगला सचिव असतो, उत्पादक नसतो. त्याची बाजू तिथे कोणी तरी मांडायला हवी, आणि ती मांडण्याइतका तपशील टेस्टरच्या हाताशी असतो.

चाचणी गुणवत्तेची हमी देत नाही. चाचणीतून दोष आहेत हे दिसू शकते, दोष नाहीत हे नाही, असे संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९६९ च्या सुमारास बजावले. ग्लेनफोर्ड मायर्स यांनी १९७९ मध्ये चुका शोधण्याच्या हेतूने प्रोग्राम चालवणे, अशीच चाचणीची व्याख्या केली. सगळे तपासून पाहू म्हणणाऱ्याने साधा हिशेब करावा : दोन ३२-बिट पूर्णांकांची (प्रत्येकाच्या सुमारे ४.३ अब्ज किमती शक्य) बेरीज प्रत्येक जोडीसाठी तपासायची, तर सेकंदाला १ अब्ज जोड्या या वेगानेही ५८० वर्षांहून अधिक काळ लागेल. काय तपासायचे याची निवड म्हणूनच अटळ आहे, आणि ती कोणाचे नुकसान आधी टाळायचे यावरून होते.

आंतरराष्ट्रीय मानकांनी गुणवत्तेची अंगे वेगळी करून मांडली आहेत. १९९१ च्या आयएसओ ९१२६ नंतर २०११ मध्ये आयएसओ/आयईसी २५०१० आले. त्यात कार्ययोग्यता, कार्यक्षमता, सुसंगतता, वापरसुलभता, विश्वासार्हता, माहितीची सुरक्षितता, देखभालक्षमता आणि स्थलांतरक्षमता अशी ८ वैशिष्ट्ये होती. २०२३ च्या सुधारणेत माणसांना किंवा मालमत्तेला होणाऱ्या धोक्यापासूनचे संरक्षण स्वतंत्रपणे आले आणि ती ९ झाली. काही विसरू नये म्हणून ही यादी समोर ठेवणे चांगले, पण कोणते अंग कोणासाठी महत्त्वाचे हे ती सांगत नाही.

बगच्या संख्येवरून गुणवत्ता सांगण्याची पद्धत मात्र सोडलेली बरी. पावतीवरच्या शुद्धलेखनाच्या दहा चुका आणि बिलात दर चुकवणारा एक बग यांची बेरीज अकरा येते. त्या अकराचा उपयोग कोणालाच नाही. प्रणाली वापरात आणायची की थांबायचे, हे संस्था आणि सॉफ्टवेअर देणारी कंपनी ठरवतात. टेस्टरच्या अहवालात त्यासाठी काय तपासले, कोणत्या फॅट मशीनवर आणि कोणत्या काट्यावर तपासले, कोणाला काय फटका बसू शकतो आणि काय तपासायचे राहिले, हे असावे लागते. वीज जाऊन आल्यावर अर्ध्या राहिलेल्या नोंदीचे काय होते हे पाहिले नसेल, तर तेही तसेच लिहावे लागते.