वाचनाच्या वेचक याद्या: वेबवरच्या निवडीची पार्श्वभूमी

तंत्रज्ञान, संस्कृती आणि माणसामाणसांतले संबंध यांवर वेबवर रोज जे लिहिलं जातं, त्यातलं वाचण्याजोगं वेचून दुसऱ्यांपुढे ठेवायची कल्पना वेबच्याही आधीची आहे. जुलै १९४५ मध्ये अमेरिकी अभियंता व्हॅनेव्हर बुश यांनी ‘द अटलांटिक’ मासिकात ‘मेमेक्स’ नावाच्या एका काल्पनिक यंत्राचं वर्णन केलं. टेबलाएवढ्या या यंत्रात मायक्रोफिल्मवरचे कागद एकमेकांना जोडून ठेवता येणार होते. ज्ञानाच्या प्रचंड साठ्यातून उपयोगी वाटा आखून देणं हा काही लोकांचा व्यवसायच होईल, असंही त्यांनी लिहिलं होतं. तसं यंत्र कधी बनलं नाही, पण वाटा आखणारी माणसं खरोखरच आली.

वेबच्या पहिल्या वर्षांत निवडीची गरजच नव्हती. मोझेक ब्राउझर बनवणाऱ्या एनसीएसए या संस्थेने जून १९९३ पासून ‘नवीन काय’ असं एक पान चालवलं. सुरुवातीला जगभरातली नवी संकेतस्थळं त्या एका पानावर मावत. जून १९९६ मध्ये ते बंद झालं. दरम्यान १९९४ मध्ये जेरी यांग आणि डेव्हिड फिलो यांनी याहूची विषयवार सूची सुरू केली होती. माणसं हाताने वर्गीकरण करत, पण ते अख्ख्या संकेतस्थळांचं. आज यातलं नेमकं काय वाचावं, हे त्या सूचीतून कळत नसे.

ही उणीव १९९७-९८ च्या सुमारास भरून निघू लागली. जॉर्न बार्गर यांनी डिसेंबर १९९७ मध्ये ‘रोबोट विज्डम’ या आपल्या संकेतस्थळावर रोज वाचलेल्या पानांचे दुवे एकेका ओळीच्या शेऱ्यासह टिपायला सुरुवात केली. मात्र निवडीला संपादनाचा दर्जा मिळवून दिला तो ‘आर्ट्स अँड लेटर्स डेली’ या संकेतस्थळाने. न्यूझीलंडमधल्या कँटरबरी विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या डेनिस डटन यांनी ते सप्टेंबर १९९८ मध्ये सुरू केलं. पानाची मांडणी अठराव्या शतकातल्या वृत्तपत्रांसारखी होती: लेख, नवी पुस्तकं आणि निबंध-मतं असे तीन स्तंभ, चित्रं जवळजवळ नाहीतच. आठवड्यातले सहा दिवस, प्रत्येक स्तंभात रोज एक नवा दुवा. म्हणजे दिवसाला फक्त तीन.

या संयमातच त्याचं यश होतं, असं आमचं मत आहे. तीनच दुवे द्यायचे म्हटल्यावर संपादकाला बरंच काही वाचून बाजूला टाकावं लागतं. वाचकालाही यादी संपवता येते, त्यामुळे तो दुसऱ्या दिवशी परत येतो. प्रत्येक दुव्याआधीची दोन-तीन वाक्यं मूळ मथळ्याची नक्कल नसत. लेखातला वाद ती नेमका पकडत आणि पुढे काय, हे कळण्यासाठी दुवा उघडायला लावत. पुढे ते ‘लिंग्वा फ्रँका’ नियतकालिकाकडे गेलं. त्या नियतकालिकाचं दिवाळं निघाल्यावर २००२ मध्ये ‘क्रॉनिकल ऑफ हायर एज्युकेशन’ने ते विकत घेतलं. मालक बदलले तरी रीत टिकली. डटन २०१० मध्ये वारले, त्यानंतरही ती सुरू राहिली.

वेचणाऱ्याला आधी शोधावं लागतं. त्या कामाचं हत्यार मार्च १९९९ मध्ये ब्राउझर बनवणाऱ्या नेटस्केप कंपनीत तयार झालं, ते म्हणजे आरएसएस. त्याच्या पहिल्या आराखड्यात आयआयटी मद्रासचे माजी विद्यार्थी रामनाथन गुहा यांचा मोठा वाटा होता. आरएसएस ही एक साधी फाइल असते, तिला फीड म्हणतात. तिच्यात ताज्या लेखांचं शीर्षक, पत्ता, तारीख आणि थोडा मजकूर असतो. वाचक-अॅप ठरावीक वेळाने ती फाइल मागतं. काही बदललं नसेल तर सर्व्हर ३०४ हा संकेत धाडतो, फाइल पुन्हा पाठवत नाही.

यात दोन गोष्टी हमखास बिघडतात. एक म्हणजे फाइलीत शेवटच्या १०-२० नोंदीच असतात. दिवसाला शंभर बातम्या टाकणाऱ्या दैनिकाची फाइल चोवीस तासांनी एकदाच तपासली, तर मधल्या ऐंशी-नव्वद बातम्या कधी दिसतच नाहीत. अशा ठिकाणी दर दोन-तीन तासांनी तपासणी लावावी लागते. दुसरं कारण अगदी क्षुल्लक असतं: शीर्षकात ‘आणि’साठी वापरलेलं इंग्रजी चिन्ह (&) सांकेतिक रूपात न लिहिता तसंच टाकलं, की फाइलीची एक्सएमएल ही ठरीव रचना मोडते आणि काटेकोर अॅप अख्खी फाइल नाकारतं. फीड ‘अचानक बंद पडली’ अशा तक्रारीमागे बऱ्याचदा एवढंच असतं.

ऑक्टोबर २००५ मध्ये फीड वाचायचं गूगल रीडर आलं आणि शोधणं, वाचणं, वाटणं एकाच ठिकाणी होऊ लागलं. लेख आवडला तर त्याला चार ओळींचं टिपण जोडून मित्रांना दाखवता येई, त्याखाली त्यांची चर्चा चाले. ओळखीच्या माणसाने वाचून पुढे केलेला लेख, ही शिफारस फार भरवशाची असते. ऑक्टोबर २०११ मध्ये गूगलने ही सोय काढून वापरकर्त्यांना गूगल प्लस या आपल्या समाजमाध्यमाकडे वळवलं आणि १ जुलै २०१३ रोजी रीडरच बंद केलं. ज्यांनी आपल्या फीडची यादी ओपीएमएल या अशा याद्यांसाठीच्या फाइलीत उतरवून घेतली होती, ते काही मिनिटांत दुसऱ्या सेवेत स्थिरावले. टिपणांखालच्या गप्पांना मात्र तसं दुसरं घर मिळालं नाही.

त्याच दशकात जोशुआ शॅक्टर यांचं ‘डिलिशस’ (२००३) वाचकांनी जतन केलेल्या दुव्यांना शब्दांची लेबलं लावून ती सगळ्यांसाठी खुली करत होतं. याहूने २००५ मध्ये ते घेतलं, पुढे विकलं. हातोहात फिरत ते २०१७ मध्ये ‘पिनबोर्ड’ या तशाच सेवेकडे आलं. तंत्रज्ञानाच्या बातम्या निव्वळ यंत्राच्या भरवशावर वेचणाऱ्या ‘टेकमीम’ने डिसेंबर २००८ मध्ये माणूस संपादक नेमला, ही घटना आम्हाला त्या काळातली सर्वांत बोलकी वाटते. कोणत्या बातमीकडे किती दुवे येतात, हे यंत्र उत्तम मोजत होतं. पण शिळी झालेली बातमी वेळेवर उतरवणं आणि एकाच घटनेच्या दहा वृत्तांतांतला सर्वांत नेटका ओळखणं त्याला जमत नव्हतं.

मग प्रश्न आला सवडीचा. लेख नंतर वाचायला साठवून ठेवणारं ‘रीड इट लेटर’ २००७ मध्ये आणि ‘इन्स्टापेपर’ २००८ मध्ये सुरू झालं. मार्क आर्मस्ट्राँग यांनी २००९ मध्ये ‘लाँगरीड्स’ या हॅशटॅगखाली दीड हजार शब्दांहून मोठे लेख गोळा करायला घेतले. त्याच वर्षी आलेल्या ‘रीडॅबिलिटी’ने पानावरच्या जाहिराती, पट्ट्या काढून नुसता लेख दाखवायची युक्ती रूढ केली. तिचा हिशेब सोपा आहे. पंचवीस अक्षरांपेक्षा लहान परिच्छेद मोजायचा नाही. प्रत्येक स्वल्पविरामाला एक गुण. दर शंभर अक्षरांना एक, पण जास्तीत जास्त तीन. हे गुण परिच्छेद ज्या चौकटीत असेल तिला पूर्ण, तिच्या बाहेरच्या चौकटीला अर्धे. ज्या चौकटीत दुव्यांचंच प्रमाण जास्त, तिचे गुण कापायचे. सर्वाधिक गुणांची चौकट म्हणजे लेख. कविता किंवा तुटक संवादांचं पान इथे फसू शकतं, कारण ओळी आखूड असतात. त्यांना गुणच मिळत नाहीत आणि कधी कवितेऐवजी खालचा कविपरिचय उचलला जातो. म्हणून यादीत घेण्याआधी जतन केलेली प्रत मूळ पानाशी ताडून बघावी.

मराठीत या सगळ्याला एक वेगळी अडचण होती. प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणारी युनिकोड पद्धत रुळेपर्यंत मराठी संकेतस्थळं आपापले फॉन्ट वापरत. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असत. फॉन्ट नसलेल्या संगणकावर ते पान म्हणजे रोमन अक्षरांचा गोंधळ. विंडोज २००० पासून देवनागरी युनिकोडची सोय आली तरी जुनी पानं तशीच राहिली. ती आज जुनी पानं जपणाऱ्या अर्काइव्हमध्ये सापडली तरी त्या-त्या फॉन्टचा परिवर्तक लागतो. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी व्यंजनाआधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफाराचं बरोबर उलट. परिवर्तक इथे चुकला की प्रत्येक वाक्य हाताने दुरुस्त करावं लागतं.

युनिकोडमध्येही ‘दुसऱ्या’तला ‘ऱ्य’ दोन प्रकारे टंकता येतो: नुक्त्याच्या ‘ऱ’पासून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि न दिसणारा जोडक लावून. दिसायला दोन्ही सारखे, पण साध्या शोधात एकाने दुसरा सापडत नाही. म्हणून लेबलांसाठी एकच पद्धत ठरवून घ्यावी. पत्त्यांचंही भान ठेवावं. ‘मराठी’ हा शब्द पत्त्यात टक्का-चिन्हांच्या (%) सांकेतिक रूपात गेला की ४५ चिन्हांचा होतो. शीर्षकच पत्ता असलेला लेख पाठवताना दुवा मध्येच तुटतो तो यामुळे.

मराठी वाचकापर्यंत आज बराच मजकूर पोचतो तो व्हॉट्सअॅपवरून, आणि तिथे सर्वांत आधी गळतं ते लेखकाचं नाव. २०१८ मध्ये भारतात मजकूर एका वेळी पाचच चॅटना पुढे पाठवण्याची मर्यादा आली. त्याने वेग कमी झाला, नाव काही परत आलं नाही. ‘साभार’ एवढं लिहून भागत नाही. लेखक, प्रथम प्रसिद्धीचं ठिकाण आणि तारीख या तीन गोष्टी द्यायलाच हव्यात. जुन्या नियतकालिकांतले लेख निवडून पुन्हा वाचकांसमोर आणणारा ‘पुनश्च’सारखा उपक्रम म्हणूनच मोलाचा आहे.

निवडलेलं टिकवायचं कसं, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटर या संशोधन संस्थेच्या २०२४ च्या पाहणीत २०१३ सालच्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. ‘रीड इट लेटर’चंच पुढे ‘पॉकेट’ झालं. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने २०१७ मध्ये ते घेतलं आणि ८ जुलै २०२५ रोजी बंद केलं. वापरकर्त्यांना आपल्या दुव्यांची यादी उतरवून घेता आली, पण त्या यादीत पत्ते होते, लेखांचा मजकूर नव्हता. जी पानं मुळातच नाहीशी झाली होती, त्यांचे नुसते पत्ते हाती उरले. त्यामुळे दुवा यादीत घेतानाच तो इंटरनेट अर्काइव्हच्या पानांच्या प्रती ठेवणाऱ्या वेबॅक मशीनमध्ये जतन करावा आणि नोंदीत मूळ पत्ता व जतन प्रतीचा पत्ता असे दोन्ही ठेवावेत. आखूड केलेला दुवा कधीच ठेवू नये, कारण तो आखूड करणारी सेवा बंद पडली तर मूळ पत्ताही सापडत नाही. नोंदीखाली लेख का घेतला याची दोन-तीन वाक्यं लिहून ती साध्या मजकूर-फाइलीत आपल्याकडेच ठेवावीत. सेवा बंद करणाऱ्या कंपनीच्या निर्यातीत ती येतीलच असं नाही.